मधली काच

बबन, तुझ्या दशक्रियेच्या फ्लेक्सवर डॉल्फिन होता.

घाटाच्या कमानीला सुतळीने बांधलेला फ्लेक्स. डावीकडे तुझा आयकार्डावरचा फोटो, उजवीकडे निळ्या पाण्यातून उसळणारा डॉल्फिन, आणि वरच्या ओळीत नऊ जण हात जोडून उभे. त्यांचे चेहरे तुझ्या चेहऱ्यापेक्षा मोठे. तू गेल्याचं मला तोवर रडू आलं नव्हतं, आणि त्या घाटावरही आलं नाही. मी फक्त मागून तुझा आवाज येण्याची वाट पाहत राहिलो. "शेठ, डॉल्फिन मासा न्हाई. पिल्लाला दूध पाजतो तो. आठवीतल्या पोराला इचार."

आवाज आला नाही, तेव्हा तू गेलास हे मला पहिल्यांदा कळलं.

आपल्या जुन्नर-आंबेगावात पिंडाला कावळा शिवायच्या आधी माइक शिवतो, हे तुला माहीतच होतं. कुणाच्याही दशक्रियेत आपण दोघं घाटाच्या शेवटच्या पायरीवर बसायचो आणि श्रद्धांजलीची भाषणं मोजायचो. गेलेल्या माणसाचं नाव चुकीचं घेतलं की तू बोटाचं एक पेर मोजायचास, आणि स्वतःच्या कामांची यादी सुरू झाली की मी. तुझ्या वेळी मला दोघांचीही मोजणी करावी लागली. एकाने तुला "मत्स्यमहर्षी" म्हटलं. दुसऱ्याने सांगितलं की सरांमुळे डिंभ्याच्या धरणातली मासळी वाढली आणि गोरगरिबांच्या ताटात आली. तू आयुष्यात एकही मासा कुणाच्या ताटात घातला नाहीस. खाली नदीजवळ भटजी घड्याळ बघत होते, आणि वहिनी पदर ओढून, मान खाली घालून बसल्या होत्या.

मग तुमच्या कॉलेजच्या संस्थेचे अध्यक्ष उठले. त्या संस्थेत दोन पॅनल आहेत आणि ती एकमेकांच्या लग्नालाही जात नाहीत, पण तुझ्या दशक्रियेला दोन्ही आली होती. पांढऱ्या कपड्यांचे दोन पुंजके, एक घाटाच्या अलीकडे, एक पलीकडे. तू असतास तर माशांची वही काढली असतीस.

अध्यक्ष म्हणाले, "सरांनी आयुष्यभर काय केलं? तर भांडणाऱ्या माशांचा अभ्यास केला. पण मित्रहो, भांडणं किती दिवस बघायची? सरांचे मासे आता आपल्या कॉलेजच्या पोर्चमध्ये येतील. एका भव्य टाकीत, एकत्र, गुण्यागोविंदाने राहतील. हीच त्यांना खरी श्रद्धांजली." पलीकडच्या पुंजक्यातूनही माना हलल्या. गेल्या कित्येक वर्षांत त्या दोन पॅनलचं एकमत झालेली ही पहिली गोष्ट असावी.

मी शेवटच्या पायरीवर होतो. उठून चार शब्द बोलणं अवघड नव्हतं. मी उठलो नाही.

आता मागचं सांगतो. तुला माहीत असलेलंच आहे, पण तुझ्याविषयी गेला महिनाभर इतकं खोटं ऐकलंय की खरं एकदा कुठेतरी उतरून ठेवावं असं वाटतं.

तू आठवीत नारायणगावच्या वसतिगृहात आलास आणि वर्गात माझ्या बाकावर बसलास, कारण दुसरं कुणी जागा दिली नाही. तुमचं गाव धरणाच्या पाण्याखाली गेलं होतं आणि तुमची घरं खाली दुसऱ्यांच्या गावाच्या कडेला वसली होती. तिथे पाण्याचा नळ एकच होता. नळाच्या अलीकडे गावातले, पलीकडे तुम्ही. कुणी भांडी फेकली, कुणाचं डोकं फुटलं, हे तू मधल्या सुट्टीत इतक्या शांतपणे सांगायचास की जणू तू तिथे नव्हतासच. एकदाच म्हणालास, "आमच्यात आमी लई भांडायचो रं. पण नळावर राडा झाला की त्या दिवशी घरात समदी एकमेकांशी गोड. चुलता माज्या बापाला जवळ बसवून जेवला. असं का?"

मारवाड्याच्या पोराला तू हा प्रश्न विचारलास. मी म्हणालो, "भीती." तू म्हणालास, "नुसती भीती न्हाई." तो वाद आपण मरेपर्यंत केला. म्हणजे तू मरेपर्यंत.

पुढे तू प्राणिशास्त्राचा मास्तर झालास आणि मी वडिलांच्या काचेच्या दुकानात बसलो. सहा वर्षांपूर्वी एका सकाळी दुकानात येऊन तू म्हणालास, "शेठ, साडेपाच फुटी टाकी पाहिजे. मधोमध दोन खाचा. एका खाचेत साधी काच, कायमची. दुसरीत दुधी काच, वर उचलता येईल अशी."

"काय ठेवणार आहेस?"

"दोन कुटुंबं."

टाकी घेऊन मी डिंभ्याला आलो तेव्हा तुझ्या मागच्या खोलीत शिरताना नाकाला रुमाल लावला होता. आमच्या घरात सात पिढ्यांत कुणी माशाच्या इतक्या जवळ गेलेलं नाही. तू हसलास. मासे बोटाएवढे, मातकट-पिवळे, शेपटीला दोन बारीक टोकं. कुठल्यातरी आफ्रिकेतल्या तळ्यातले, पुण्याच्या बाजारातून आणलेले. ते कुटुंब करून राहतात, हे मला तेव्हाच कळलं. एक मोठी जोडी, आणि बाकीचे धाकटे, जे स्वतः अंडी घालत नाहीत, पण मोठ्यांच्या अंड्यांवर पहारा करतात, घरातली वाळू तोंडाने उचलून बाहेर टाकतात. त्यांचं घर म्हणजे फुटकी कुंडी. टाकीच्या दोन टोकांना दोन कुंड्या, दोन कुटुंबं. तू वहीत त्यांना अक्षरं दिली होतीस, पण बोलताना आपण म्हणायचो अलीकडचे आणि पलीकडचे. ही नावं कुठून आली ते मी विचारलं नाही. मला माहीत होतं.

दर रविवारी मी यायचो. तू दुधी काच वर उचलायचास. मधे साधी काच असायचीच, त्यामुळे दोन्ही घरांना एकमेकांचं फक्त दिसायचं. आणि मग ते साध्या काचेवर डोकं आपटत. पंख ताठ, कल्ले फुगलेले, इथून तिथे फेऱ्या. धाकटेसुद्धा पुढे. मला शिसारी यायची. इतकीशी जात आणि इतका द्वेष, तोही ज्यांनी काही केलेलं नाही त्यांच्याविषयी. तू मात्र वहीत रेघा मारत असायचास. बरोबर दहा मिनिटं. मग स्वयंपाकघराच्या दारातून वहिनींचा आवाज यायचा, "दहा झाली. काच घाला." कणीक मळता मळता त्यांची नजर घड्याळावर असायची. सहा वर्षांत त्यांचं एक मिनिट इकडचं तिकडं झालं नाही.

"अकराव्या मिनिटाला मी शास्त्रज्ञ न्हाई, गुन्हेगार," असं तू म्हणायचास. दुधी काच खाली आली की वहीतला शेवटचा रकाना सुरू. त्याच्या डोक्यावर तू फक्त लिहिलं होतंस: नंतर. शत्रू दिसेनासा झाला की कुटुंबातले मासे एकमेकांपाशी येत, अंगाला अंग लावून तरंगत. जो धाकटा भांडणात सगळ्यात पुढे होता त्याच्याभोवती जास्त. तू तोंड उघडं टाकून बघत बसायचास. तुझा चुलता तुझ्या बापाला जवळ घेऊन जेवत होता.

आणि मी दर रविवारी तेच बोलायचो. "बबन, हे भांडण माशांचं नाही, माझ्या काचेचं आहे. तळ्यात हरलेला पळून जातो. इथे पळायला जागा नाही म्हणून ते डोकं आपटतात. तू स्वभाव बघत नाहीस, कैद बघतोस."

"आन् माणसाला जागा असती व्हय पळायला? आमाला कुठं व्हती?"

"ते तू नियतकालिकाला लिहून पाठव."

पाठवलंस. तुझा लेख परत आला. एकाच टाकीवरून काही सांगता येत नाही, निदान दहा टाक्या पाहिजेत, असं त्यांचं म्हणणं. ते बरोबरच होतं, तूच म्हणालास. म्हणून तू कॉलेजकडे एक खोली मागितलीस. अर्जावर अर्ज. "मासळीचा वास सुटेल" म्हणून नकार. त्या खोलीत आता अध्यक्षांच्या सत्कारातली सन्मानचिन्हं ठेवलेली आहेत. त्यांना वास येत नाही.

दवाखान्यात तू दोन दिवस होतास. छातीला तारा लावलेल्या. मी स्टुलावर बसलो होतो. वाटलं, काहीतरी मोठं बोलशील. तू म्हणालास, "माशांचं बघ." मी म्हणालो, "बघतो." दुसऱ्या दिवशी सकाळी तू गेलास. इतक्या वर्षांच्या वादात मी तुला दिलेला शब्द एवढा एकच.

दशक्रियेनंतर चार दिवसांनी अध्यक्षांचा फोन आला. "शेठ, टाकी तुमच्याकडूनच घ्यायची. सरांचे मित्र तुम्ही. आठ फुटी करा. खाली रंगीत लाइट, एक कारंजं, एक किल्ला. शिवनेरीच्या भागातलं कॉलेज आहे आपलं."

मी म्हणालो, "साहेब, मधे काच लागेल. ती दोन कुटुंबं एकत्र राहत नाहीत."

ते हसले. "शेठ, तुम्ही काच विकता, तुम्हाला काच लागणारच. आणि मधे काच घातली की फूट दिसते. आम्हाला एकी दाखवायचीय."

मी अर्ध्या मिनिटाने "बरं" म्हणालो. हे अर्धं मिनिट मी तुझ्या वहीत लिहायला हवं.

वहिनींना सांगावं म्हणून डिंभ्याला आलो. त्या तुझी टाकी पुसत होत्या. म्हणाल्या, "भाऊजी, ह्यांनी एका खोलीसाठी किती खेपा घातल्या. आता बगा, दारात टाकी ठेवत्यात. नाव राहील." इतक्या दिवसांत त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काहीतरी उजळलेलं पाहिलं आणि मी चहा पिऊन परत आलो. मला वाटलं, तिथे माशांना एकत्र सोडतील हे वहिनींना कळलंच असेल, घाटावर त्या होत्याच की. पण घाटावर त्या मान खाली घालून बसल्या होत्या, हे मी पाहिलं होतं. माणूस स्वतःला सोयीचं तेवढंच विसरतो.

टाकी चांगली झाली, बबन. एक थेंब गळत नाही. इतकं सफाईचं काम मी बऱ्याच दिवसांत केलं नव्हतं.

उद्घाटन रविवारी सकाळी अकराला. फीत एक, कात्र्या दोन, कारण दोन पॅनल. वहिनींना तापामुळे येता आलं नाही. तुझे मासे प्लास्टिकच्या पिशव्यांतून आणले, अलीकडचे आठ आणि पलीकडचे सात, आणि शिपाई मारुतीमामाने अध्यक्षांच्या खुणेवर दोन्ही पिशव्या एकदम ओतल्या. कारंजं सुरू झालं. लाइट लाल झाले, मग हिरवे.

पहिली दोन मिनिटं ते सगळे किल्ल्यामागे लपले. मग सुरू झालं. मधे काही नव्हतं. साध्या काचेवर जे डोकं आपटायचं ते आता मांसावर आपटत होतं. लोकांनी मोबाइल वर धरले. "बघा कसे खेळत्यात," एक बाई म्हणाल्या. माइकवरून सूत्रसंचालक म्हणाला, सरांचा आत्मा आज आनंदला असेल. मी घड्याळाकडे बघत होतो. सात मिनिटं. आठ. पलीकडच्या मोठ्या नराच्या शेपटीचं एक टोक नव्हतं. तेवढ्यात माझं नाव पुकारलं. सरांचे बालमित्र, टाकीचे शिल्पकार. खांद्यावर शाल आली, हातात नारळ आला, आणि दोन्ही पॅनलच्या मधे मला फोटोसाठी उभं केलं. दहावं मिनिट माझ्या अंगावरून गेलं तेव्हा मी कॅमेऱ्याकडे बघत होतो. अकरावं मिनिटही.

ती शाल आता दुकानात आहे. तिने काचसुद्धा नीट पुसली जात नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मारुतीमामाचा फोन आला. "शेठ, मासं उलटं पडल्यात. साहेब म्हणलं कुणाला बोलायचं न्हाई. पर सर मला चांगलं बोलायचं व्हं. तुमी या." मी बादली घेऊन गेलो. अकरा मेले होते. कुणाचे पंख नव्हते, कुणाचा डोळा नव्हता. मामाने ते जाळीने काढून गुलाबाच्या वाफ्यात पुरले. चार जिवंत होते, ते मी बादलीत घेतले. दुपारपर्यंत टाकीत बाजारातून आणलेले भगवे गोल्डफिश सोडले गेले. तुझ्या नावाची पाटी तशीच आहे. कुणी काही विचारलं नाही. अध्यक्षांच्या म्हणण्याप्रमाणे नव्या लाइटमुळे सरांच्या माशांचा रंग खुलला.

मला वाटत होतं की माझा तिटकारा संस्थेच्या लोकांसाठी राखीव आहे. त्यांनी एका माणसाला आयुष्यभर खोली दिली नाही आणि मेल्यावर पोर्च दिला. पण रोज दाढी करताना आरशातही तो दिसतो. आरसाही माझ्याच दुकानातला.

चौघांना दुकानात आणलं. जुन्या काचेची लहान टाकी केली. आईने विचारलं, "जित्ती हायेत ना? मग राहू दे." ते काय खातात हे मी तिला सांगितलं नाही. तीन अलीकडचे निघाले आणि एक पलीकडचा, तोच अर्ध्या शेपटीचा. दोन टोकांना फुटक्या कुंड्या ठेवल्या, मधे दोन खाचा केल्या, साधी काच बसवली, दुधी काच बसवली. म्हटलं, आता तरी.

आपला वाद कुठे येऊन थांबला बघ. तू म्हणायचास, मधली काच नसती तर काय झालं असतं ते बघायची हिंमत आपल्यात नाही. मी म्हणायचो, काच आहे म्हणून भांडण आहे. काच काढली, ते मेले. म्हणजे तू जिंकलास. पण पळायला जागा नव्हती म्हणूनही मेले. मधली काच तुझी होती, बाहेरच्या चार माझ्या. तू असतास तर या वाक्यावर दोन रविवार काढले असते. मला आता एकट्याला ते बोलवत नाही.

काल तुला जाऊन महिना झाला. सकाळी दुकान उघडतो तोच वहिनी एसटीतून उतरून आल्या. हातात तुझी वही होती, पिशवीत गुंडाळलेली. स्टुलावर बसल्या नाहीत.

"भाऊजी, कॉलेजात गेले व्हते कागदांसाठी. तिथं भगवं मासं हायेत."

"हो."

"साहेब म्हणले, तेच हायेत, लाइटीनं रंग खुलला. सहा वर्सं मी खायला घातलंय त्यांना. मला शिकवत्यात. आमचं मासं कुठं हायेत?"

मी काउंटरच्या मागे बोट दाखवलं. त्या टाकीपुढे वाकल्या, बराच वेळ. "हा पलीकडचा थोरला," म्हणाल्या. "ह्याची शेपटी कुणी तोडली?"

मी सगळं सांगितलं. पिशव्या, कारंजं, अकरा मासे, गुलाबाचा वाफा. त्यांनी एकदाच विचारलं. "मधली काच का न्हाई घातली?"

माझ्याकडे तीन उत्तरं तयार होती. अध्यक्ष ऐकत नव्हते. तुमचं मन मोडायचं नव्हतं. माझ्या हातात काय होतं. उद्घाटनापासून ही उत्तरं मी रोज घासून पुसून ठेवली होती.

"मला माहीत होतं, वहिनी," मी म्हणालो. "एकदा बोललो आणि गप्प बसलो. बबनला शब्द दिला होता."

समोरून टोमॅटोच्या क्रेटचा टेम्पो गेला, शोकेसच्या काचा हादरल्या. मग त्यांनी स्टूल ओढलं, वही उघडून मांडीवर घेतली आणि पेनाचं टोपण काढलं. "उचला," म्हणाल्या.

मी दुधी काच उचलली. अलीकडचे तिघे लगेच काचेवर आले, कल्ले फुगवून. पलीकडे तो एकटा. मला वाटलं कुंडीत जाईल. तो अर्ध्या शेपटीने, जरा तिरका पोहत, थेट काचेशी आला आणि उभा राहिला. वहिनी रेघा मारत होत्या, अगदी तुझ्यासारख्या, बारीक, पाचवी आडवी. दुकानात गिऱ्हाईक आलं, मी त्याला हाताने थांब म्हणालो. ते थांबलं.

'नंतर'च्या रकान्यात त्या एकट्याच्या समोर काय लिहायचं, हे मला कळत नव्हतं. तो कुणाला खेटणार? विचारणार होतो, तेवढ्यात त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

"दहा झाली," वहिनी म्हणाल्या. "काच घाला."

मी घातली.